मोठ्याने मोजणारे गायकवाडसाहेब

दुसऱ्याच्या स्कूटरच्या किका मोजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचा.

सकाळी पावणेआठला फरीदाबादच्या आमच्या सोसायटीत कामावर जाणाऱ्यांची घाई असे. खाली कुणीतरी स्कूटर काढून किक मारी आणि दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून खणखणीत आवाज येई, "एक." दुसरी किक. "दोन." आवाजात टोमणा नसे, कौतुकही नसे. गोदामात पोती उतरवून घेणारा कारकून मोजतो, तसं ते मोजत. स्कूटर सुरू झाली की वहीत काहीतरी टिपत आणि पुढच्या स्कूटरकडे वळत.

सेक्रेटरी बत्रा दोन किकांत निघून जाई. बाकीचे तीन-चारात. थंडीत माझी मोजणी सुरू झाली की मात्र लोक चहाचा कप घेऊन बाल्कनीत येत. माझा उच्चांक होता अठरा.

ही मोजणी चाले मराठीत. सोसायटीत सगळे पंजाबी आणि हरियाणवी. मराठी घरं दोनच, त्यांचं आणि माझं. तरी सोसायटीतल्या एकूण एक पोराला मराठी आकडे येत, अगदी अठरापर्यंत. त्यापुढचे येत नसत, कारण माझी स्कूटर कधी त्यापुढे गेली नाही. माझी मुलगी मीनल इथेच वाढलेली, शाळेत ग्यारह-बारह शिकलेली. तिला अकरापुढचं मराठी माझ्या स्कूटरने शिकवलं. त्याबद्दल गायकवाडसाहेबांचे आभार मानावेत, असं माझ्या बायकोचं, मंदाचं म्हणणं होतं. माझं म्हणणं वेगळं होतं. ते इथे लिहिता येत नाही.

याकोब गायकवाड मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांची हयात गेली. देशभरातली मोजायची यंत्रं त्या खात्यात तपासायला येत. तराजू खरं सांगतो का, दाबाचा काटा खोटं बोलतो का, हे बघायचं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी फरीदाबादला फ्लॅट घेतला. त्यांचं खातं सुटलं, पण खात्याने त्यांना सोडलं नाही. आमच्याकडे चहात साखर जास्त पडली तरी म्हणत, "मंदाताई, हे आमच्या खात्यात चाललं नसतं."

लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. हे फिलर गेज ठेवत. फिलर गेज म्हणजे पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा, चाकूसारखा उघडणारा, प्लगची फट मोजायला वापरतात तो. साहेब त्याने काहीही मोजत. एकदा आमच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि दाराखाली पट्ट्या सरकवून म्हणाले, "खैरनार, तुमच्या घरात दीड मिलिमीटर थंडी येतेय." नाताळात स्वतःच्या हाताने करंज्या करत आणि घरोघर ताट पाठवत. सगळ्या करंज्या एका मापाच्या. बत्राच्या बायकोला त्या कारखान्यातून आणल्यासारख्या वाटत.

त्यांचा सगळ्यात लाडका मंत्र होता, "आधी मोजा, मग बोंबला." पाणी कमी येतंय म्हणून बत्राच्या नावाने कुणी ओरडायला लागला की हा मंत्र. मुलाला मार्क कमी पडले, तरी हाच मंत्र.

त्यांची स्वतःचीही एक जुनी स्कूटर होती. मागच्या सीटवर निळ्या लोकरीचं हाताने विणलेलं कव्हर. दर रविवारी अकरा वाजता ते खाली उतरत, पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, उघडत, दोन मिनिटं घड्याळ लावून थांबत, चोक ओढत आणि एक किक मारत. "एक," असं स्वतःच म्हणत. इंजिन चालू. मग थोड्या वेळाने पेट्रोलचा कॉक बंद करून ते आपोआप विझू देत. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळतात त्या कार्बोरेटरमध्ये आठवडाभर पेट्रोल साचून राहिलं की त्याचा डिंक होतो, म्हणून. पुन्हा कव्हर घालत आणि वर जात. स्कूटर जागची हलत नसे. कुठेच न जाणारी स्कूटर एका किकेत सुरू होत होती आणि जिला रोज पन्नास ठिकाणी जायचं, ती माझी स्कूटर अठरा किका घेत होती. माझा संताप तुम्हाला समजेल.

त्यात मी कोण, तेही ऐका. मी येवल्याहून एक पत्र्याची पेटी घेऊन फरीदाबादला फिटर म्हणून आलो. पुढे शीट दाबून कापणाऱ्या दोन प्रेस घेतल्या आणि भाड्याच्या शेडमध्ये गॅस्केट कापायला लागलो. यंत्राचे दोन भाग जोडताना मध्ये एक पातळ चकती घालतात, आतलं तेल बाहेर येऊ नये आणि बाहेरचा वारा आत जाऊ नये म्हणून. ती गॅस्केट. मला कुणी बोट धरून काही शिकवलेलं नाही. भाव केल्याशिवाय मी देवळाबाहेर नारळसुद्धा घेत नाही. ती स्कूटर मी एका निवृत्त कर्नलकडून घेतली होती. चार फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला कर्नलच्या बायकोला माझ्यासाठी चहा करायचा कंटाळा आला आणि निम्म्या भावात सौदा झाला. असा सौदा फरीदाबादमध्ये दुसऱ्या कुणी केला असेल तर दाखवा. आणि त्याची रोज सकाळी जाहीर मोजदाद!

दिवाळीच्या सुमाराला मी वर गेलो आणि त्यांना स्पष्ट सांगितलं, साहेब, मोजायचं तर मनात मोजा. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, पाच किकांच्या आत आली तर मनात मोजेन. मी म्हटलं, बारा. ते म्हणाले, बारा म्हणजे स्कूटर नव्हे, व्यायाम. मी दहावर आलो. ते सहावर आले. मी वळून जिन्यापर्यंत गेलो. समोरचा मागून हाक मारतोच, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव. त्यांनी हाक मारली नाही. मीच परत आलो. शेवटी आठवर तोडगा निघाला. आठापर्यंत मनात, नवापासून मोठ्याने. जिन्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अजून काहीच जिंकलो नव्हतो, कारण माझी स्कूटर आठाच्या आत कधी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आठ किका शांततेत गेल्या आणि मग एकदम वरून "नऊ" आलं. ते पहिल्यापेक्षा जास्त लागलं.

एरवी हे मी सहन केलं असतं. पण जानेवारीत मानेसरचं प्रकरण आलं.

त्या काळात मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांचे नवे कारखाने उभे राहत होते. आमच्यासारख्या शेडवाल्यांना तिथे शिरकाव मिळाला तर आयुष्य बदलणार होतं. न मिळाला तर माझ्या दोन्ही प्रेस अर्धा दिवस गप्प बसत होत्या, त्या पूर्ण दिवस गप्प बसणार होत्या. एका कारखान्यात मी खरेदीच्या साहेबांची वेळ मिळवली. पहिल्यांदा स्कूटरपायी पाऊण तास उशिरा पोचलो. दुसऱ्यांदा तास. दोन बस आणि एक शेअर ऑटो बदलून जाता आलं असतं, पण धुक्यात त्यांचा भरवसा स्कूटरहून कमी. दुसऱ्या वेळी साहेब काचेच्या केबिनमधून बाहेरसुद्धा आले नाहीत. दारातून मला सांगितलं, "खैरनार जी, अगले से अगला सोमवार, नौ बजे. सैंपल लेकर. नौ बजकर पाँच मिनट पर उस कुर्सी पर कोई और बैठा होगा."

मी घरी येऊन गप्प बसलो. मी गप्प बसलो की मंदा घाबरते. ती वर गेली आणि गायकवाडसाहेबांना सगळं सांगून आली. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "ओरडा. पण ते रविवारी दहाला पाने घेऊन येणार आहेत."

ते पावणेदहाला आले. मांडीखाली गोणपाट घेतलं, उजव्या बाजूचं झाकण काढलं आणि मला विचारलं, आजवर कुणी कुणी हात लावलाय? मी मेकॅनिकचं नाव सांगितलं. हा पूर्ण पैसे न देणारा गिऱ्हाईक म्हणून तो माझी स्कूटर शेवटी घ्यायचा, हे सांगितलं नाही. साहेबांनी कार्बोरेटर जागच्या जागी वरून उघडला आणि त्यातून जेट काढली. जेट म्हणजे पितळेचा नखाएवढा स्क्रू. त्याच्या पोटातून केसाएवढं भोक असतं आणि त्यातून इंजिनाला पेट्रोल मिळतं. साहेबांनी ती आकाशासमोर धरून एका डोळ्याने पाहिली.

"खैरनार, हे कशाने साफ केलंत?"

"मंदाच्या सेफ्टी पिनने."

"छान. आता हिच्यातून साडीसुद्धा जाईल."

जेटला तार लावायची नसते, फक्त फुंकायचं असतं, हे त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. मग खिशातल्या चपट्या डबीतून दुसरी जेट काढून बसवली. प्लगची फट फिलर गेजने मोजली, ठोकून सारखी केली. सोमवारी सकाळी स्कूटर अकरात आली. मंगळवारी आठात. सौद्याप्रमाणे वर शांतता. फक्त त्यांचे ओठ हलताना दिसले. खालची पोरं नाराज झाली. मी मात्र त्या दिवशी छाती काढून शेडवर गेलो.

संध्याकाळी ते दारात उभे. म्हणाले, आठ म्हणजे दुरुस्ती नव्हे, आठ म्हणजे तडजोड. ती कुठूनतरी वारा घेतेय. पेट्रोल पुरेसं जातं, पण चोरून वारा मिसळतो, म्हणून थंडीत पकड येत नाही. मी म्हटलं, साहेब, आठ चालतील. ते म्हणाले, मानेसरच्या दिवशी धुकं असेल आणि आठाचे पुन्हा सोळा होतील.

बुधवारी पुन्हा झाकण निघालं. या वेळी त्यांनी कार्बोरेटर खालपासून उचलला आणि ज्यावर तो बसतो ती गॅस्केट नखाने सोडवली. ती चकती त्यांच्या बोटांवर लोंबली. कडा बाहेर फुगून आलेल्या, मध्ये पातळ, भिजलेल्या पापडासारखी.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

माझीच होती. गेल्या पावसाळ्यात माझ्याच शेडमध्ये कापून मीच बसवली होती. एवढंच असतं तर ठीक. पण ज्या शीटमधून ती कापली, त्याच शीटचे नमुने मी मानेसरला न्यायला कापून पिशवीत भरून ठेवले होते. ते शीट मला दिल्लीच्या बाजारात फार स्वस्त मिळालं होतं. गेल्या वर्षातला माझा तो सगळ्यात मोठा विजय होता.

मी भडकलो. पंधरा वर्षं गॅस्केट कापणाऱ्याला सरकारी पेन्शनर शिकवणार का, इथपासून सुरुवात केली. पुढे काय बोललो ते सोसायटीला मराठी येत नसल्याने कळलं नाही, पण मंदाला कळलं आणि तिने खिडकी लावून घेतली. साहेब ऐकत राहिले. मी थांबल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद," ते म्हणाले. "झालं असेल तर आता मोजू. तुमच्या त्या शीटची एक पट्टी द्या."

त्यांनी मखमलीच्या पेटीतून मायक्रोमीटर काढलं. जाडी मोजायचं हे हातातलं यंत्र त्यांना निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलं होतं. कोऱ्या पट्टीची जाडी भरली शून्य पूर्णांक आठ मिलिमीटर. मग ती त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकली, वर पेट्रोल ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बरणी आमच्या बाल्कनीत सावलीला ठेवली. मी ठणकावून सांगितलं, महिनाभर ठेवा, काही होणार नाही.

गुरुवारी संध्याकाळी पट्टी भरली एक. शुक्रवारी सकाळी मायक्रोमीटरच्या दोन टोकांत धरताच ती मधोमध दबली आणि तुटली. त्या वेळी खाली बत्रा आणि आणखी दोघं-तिघं उभे होते. मला वाटलं, आता हाही आकडा मोठ्याने येणार. साहेब माझ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "दीडच्या वर गेली होती." मग बरणीचं झाकण लावून ती वर घेऊन गेले.

त्या शीटचे नमुने मानेसरला गेले असते तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तासाभरात मी दिल्लीच्या त्या दुकानात होतो. पुन्हा ओरडलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "भाईसाब, आपने तीन घंटे रेट पूछा था. पेट्रोल में चलेगी या नहीं, यह आपने एक बार भी नहीं पूछा." गल्लीतल्या सगळ्यांसमोर म्हणाला. आणि खरं म्हणाला, ते जास्त झोंबलं. मी पेट्रोलला टिकणारं शीट दाखवायला सांगितलं, त्याचा तुकडा फाडून घेतला, वास घेतला, दुमडून पाहिला आणि सांगेल तो भाव कबूल केला. आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार एवढा घाबरला की त्याने आपणहून थोडा भाव उतरवला. मला काहीतरी माहीत आहे जे त्याला माहीत नाही, असं त्याला वाटलं असावं.

त्या शीटचीही एक पट्टी शुक्रवारीच बरणीत गेली. रविवारी सकाळी मोजली. शून्य पूर्णांक आठ. साहेबांनी दोनदा मोजली आणि मायक्रोमीटर माझ्या हातात देऊन म्हणाले, आता तुम्ही मोजा. मी मोजली. आकडा तोच. दुपारी मी स्वतः प्रेसवर बसून नमुने कापले आणि पहिली गॅस्केट मानेसरसाठी न ठेवता माझ्या स्कूटरला बसवली.

सोमवारी असं धुकं होतं की बाल्कनीतून खालच्या स्कूटरी दिसत नव्हत्या. तरी सगळी सोसायटी बाहेर. मंदाने कोणाकोणाला सांगितलं होतं, देव जाणे. बत्रा हातात कप घेऊन फाटकाशी उभा. मी नमुन्यांची पिशवी पुढे अडकवली, कॉक उघडला. वरून आवाज आला, "दोन मिनिटं थांबा. यंत्राला प्यायला वेळ द्या." मी थांबलो. आयुष्यात मी कुणासाठी दोन मिनिटं एवढा गप्प उभा राहिलो नव्हतो. चोक ओढला. "ॲक्सिलरेटरला हात नको." मी हात काढला. किक मारली.

इंजिन एकदम बोललं.

वरून क्षणभर काहीच आलं नाही. आठापर्यंत मनात, असा सौदा होता. मी धुक्यात मान वर करून ओरडलो, "साहेब, आज सौदा रद्द!"

"एक," गायकवाडसाहेब म्हणाले, आणि असं म्हणाले की दुधाच्या बूथवरच्या रांगेने वळून पाहिलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. बत्रा म्हणाला, "ओए खैरनार, यह तो कमाल हो गया यार." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. राजासारखा फाटकातून बाहेर पडलो.

मानेसरला आठ चाळीसला पोचलो. खरेदीचे साहेब आले तेव्हा ती खुर्ची मी वीस मिनिटं तापवलेली होती. त्यांनी माझा नमुना उचलला आणि काचेच्या भांड्यात पेट्रोलमध्ये टाकला. शेजारी आणखी दोन भांडी होती. त्यांतल्या चकत्या फुगलेल्या, मला चांगल्या ओळखीच्या वाटाव्यात अशा. ते म्हणाले, "तीन दिन रखेंगे."

मी म्हटलं, "छह दिन रखिए."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

तीन आठवड्यांनी ऑर्डरचं पत्र आलं. माझ्या दोन्ही प्रेस पूर्ण दिवस चालायला लागल्या आणि तिसरीची चौकशी मी सुरू केली. तिच्या मालकाकडे माझ्या दोन फेऱ्या झाल्यात, अजून दोन बाकी आहेत. पत्र आलं त्या संध्याकाळी मी बर्फीचा डबा घेऊन वर गेलो. याआधी नेहमी दारातच उभ्याने बोलणं व्हायचं. त्या दिवशी त्यांनी आत बोलावलं. खिडकीशी एक लोखंडी पलंग होता, स्वच्छ चादर घातलेला, कुणी न झोपलेला. ते कपबश्या आणायला आत गेले. टेबलावर ती वही होती. माझी बदनामी जिच्यात नोंदली होती, ती वही माझ्या हाताशी असताना मी उघडणार नाही, एवढा मी साधू नाही.

शेवटचं पान पाहिलं. माझं नाव, पुढे एक हा आकडा. त्याच्यापुढे आणखी एक रकाना होता. त्यात वेळ लिहिली होती, संध्याकाळी सात दहा. मी मागे गेलो. बत्रा, दोन, सहा पंचवीस. खैरनार, अठरा, आठ चाळीस. सोसायटीतला प्रत्येक माणूस सकाळी किती किकांत गेला आणि संध्याकाळी किती वाजता परत आला. मी एका दिवशी बल्लभगडला टायर फुटून रात्री उशिरा आलो होतो. त्या दिवशी वेळेखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या.

वहीची पहिली पानं वेगळ्याच हाताची होती. बारीक, तिरकं, आडवं पडून लिहिल्यासारखं अक्षर. तिथे नाव एकच, याकोब. तीन, सहा वीस. दोन, सहा पंधरा. पानंच्या पानं.

साहेब चहा घेऊन आले, वही माझ्या हातात पाहिली, आणि रागावले नाहीत.

"माझ्या बायकोचं, एस्तरचं अक्षर," ते म्हणाले. "कमरेखालचं अंग गेलं होतं. सात वर्षं. क्वार्टरमध्ये हा पलंग खिडकीशीच होता. मी खाली किक मारायचो आणि ती आतून मोजायची. मोठ्याने, म्हणजे मला ऐकू जावं."

मी विचारलं, संध्याकाळची वेळ मोठ्याने का सांगत नाही?

"ती म्हणायची, जाताना माणसाला कळू द्यावं की कुणाचं तरी लक्ष आहे. परत येणं मनातच मोजावं, नाहीतर दृष्ट लागते. आम्ही ख्रिस्ती माणसं, खैरनार. दृष्टबिष्ट आमच्या खात्यात चालत नाही. पण मी ते तसंच ठेवलं."

बर्फीचा एक तुकडा त्यांनी उचलला आणि सवयीने हातात तोलून पाहिला. मागच्या सीटवरचं ते निळं कव्हर कुणी विणलं असेल, हे मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी अकरा वाजता मी माझ्या बाल्कनीत उभा राहिलो. मला पाहून मीनलही आली. साहेब नेहमीसारखे खाली उतरले, स्कूटरवरचं कव्हर काढलं, घड्याळ लावून दोन मिनिटं थांबले, चोक ओढला. त्यांनी किक मारली आणि तोंड उघडायच्या आत मी पूर्ण आवाजात म्हणालो, "एक."

त्यांनी वर पाहिलं. आणि स्कूटर सुरू झाली नाही.

"दोन," मी म्हणालो. नाही. तीन. चार. सोसायटीत खिडक्या उघडायला लागल्या. गायकवाडसाहेबांची स्कूटर आणि चार? बत्रा बनियनवर बाहेर आला. सात. आठ. ते मध्ये थांबत, दम घेत, रुमालाने कपाळ पुसत आणि पुन्हा पाय ठेवत. खाली पोरं जमली, त्यांनी माझ्याबरोबर मोजायला सुरुवात केली. अकरा. बारा. मला काळजी वाटायला लागली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि मला दिसलं. पेट्रोलचा कॉक आडवा होता. बंद. मागच्या रविवारी त्यांनी स्वतः बंद केलेला, कार्बोरेटर कोरडा करून. तो उघडल्याशिवाय शंभर किका मारल्या तरी काही होणार नव्हतं.

हा माणूस कॉक उघडायला विसरला? मी आयुष्यभर माणसांशी घासाघीस केली आहे. समोरचा कधी चुकतोय आणि कधी जाणूनबुजून लांबवतोय, हे मला कळतं. मी कॉकबद्दल एक अक्षर बोललो नाही.

"सतरा," मी म्हणालो. "अठरा."

पोरं गप्प झाली. त्यांचे आकडे संपले होते. साहेबांनी पुन्हा किक मारली आणि पाय खाली ठेवून वर पाहिलं, वाट पाहत.

"एकोणीस," मी ओरडलो. मीनल माझ्यामागून ओरडली, मग खाली पोरं जमेल तसं ओरडली.

तेव्हा ते खाली वाकले. बुटाची नाडी नीट केल्यासारखं केलं आणि जाताजाता कॉक उभा केला. दोन मिनिटं घड्याळ पाहिलं. किक मारली.

"वीस!"

इंजिन सुरू झालं. टाळ्या पडल्या. बत्राने शिट्टी वाजवली. मला वाटलं, आता ते कॉक बंद करून थांबतील. त्यांनी मागच्या सीटवरचं निळं कव्हर तळव्याने सारखं केलं, स्कूटर स्टँडवरून काढली, बसले आणि फाटकातून बाहेर गेले.

मी आत जेवायला गेलो नाही. मंदाने दोनदा बोलावलं. बारा वाजून दहा मिनिटांनी ते परत आले. हँडलला मेथीची जुडी लटकत होती. मी मीनलच्या वहीतलं पान घेतलं आणि लिहिलं, गायकवाड, वीस, बारा दहा. मोठ्याने काही म्हणालो नाही.